पडद्यामागची आई

१

सकाळी सातच्या सुमाराला शेजारच्या गाडीतून "आई!" अशी हाक आली आणि मागोमाग तीच हाक दरीतून परत आली. पहिली हाक मुलाची होती, घाबरलेली. दुसरी नुसता प्रतिध्वनी होती हे मला कळत होतं. तरी दरीत बसून कोणीतरी त्याला वेडावून दाखवतंय असंच वाटलं आणि माझ्या कपातला चहा हिंदकळला.

आम्ही डोंगरावर आलो होतो ते उन्हाला कंटाळून. खाली मैदानात पारा बेचाळीसच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. आमचे हे निवृत्त बसचालक. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, ह्यांनी जुनी मिनीबस घेतली आणि तिचं मोटरहोम केलं. दोन पलंग, शेगडी, छोटं बेसिन. आम्ही तिला घरगाडी म्हणतो. मी स्वतः एकतीस वर्षं शीतपेयांच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासली. कुठलं झाकण बसलंय आणि कुठलं नुसतं बसल्यासारखं दिसतंय, हे बघण्यात जन्म गेला. नातेवाईक मला झाकणबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं.

दरीच्या काठाला घरगाड्यांसाठी एक सपाट तळ आहे. हंगाम नुकता सुरू होत असल्यानं तिथे दोनच गाड्या होत्या, एक आमची आणि एक ह्या कुटुंबाची. ते आदल्या दिवशी संध्याकाळी आले. चाळिशी ओलांडलेला मुलगा, त्याची बायको, त्याची लग्न न झालेली बहीण आणि म्हातारी आई. मुलगा लिफ्टची देखभाल करणारा. हातात फळी, फळीला कागद, कागदावर यादी. गाडी समतल केली की खूण, गॅसची नळी तपासली की खूण. ह्यांनी पाच मिनिटांत त्याचं नाव 'यादीवाला' ठेवून टाकलं.

आई मात्र आम्हाला दिसली नव्हती. प्रवासानं थकून झोपली आहे, असं बहीण म्हणाली. गाडीच्या मागच्या भागात पलंग होता आणि त्याला जाड निळा पडदा होता. तो ओढलेला होता.

आता तोच पडदा बाजूला सारून यादीवाला दारात उभा होता. त्याच्या हातात सकाळची गोळी आणि पाण्याचा पेला होता.

"काकू," तो मला म्हणाला, "आई आत नाहीये."

मी डोकावले. पलंगावर दोन रजया होत्या आणि त्या अशा काही पडल्या होत्या, की कोणीतरी कुशीवर झोपलंय असंच वाटावं. खांदा, कंबर, गुडघे, सगळं जागच्या जागी होतं. मी हात लावला तेव्हा तो खांदा मऊपणे खाली बसला आणि आत काहीच नव्हतं.

२

तळाचा मॅनेजर दोन माणसं आणि दोर घेऊन आला. धुकं इतकं दाट होतं की दरी कुठे सुरू होते ते दोन पावलांवरूनही कळत नव्हतं.

"मागच्या वर्षीही एकजण असाच गेला," तो कुजबुजला. "पहाटे उठून बाहेर आला, कुठे चाललोय कळलं नाही. म्हातारं माणूस, नवी जागा. दुपारनंतर धुकं आणखी उतरतं, त्याच्या आत शोधायला हवं."

ते दरीत उतरले. वरून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, "आजी! ओ आजी!" आणि दरी प्रत्येक हाक दोनदा परत करत होती. यादीवालाही दोर कमरेला बांधून निघाला. ह्यांनी त्याला धरून ठेवलं.

"तू पडलास तर दोघांना शोधावं लागेल," हे म्हणाले. "बस इथे."

तो बसला. पण त्याचे हात बसेनात. खिशातून पेन काढायचा, परत ठेवायचा.

मला स्वस्थ बसवत नाही हा माझा जुना रोग. मी सुनेला बाजूला घेतलं. सडपातळ बाई, रात्रभर झोपली नसावी अशी दिसत होती.

"शेवटचं कधी पाहिलंस त्यांना?"

"काल संध्याकाळी," ती म्हणाली. "म्हणजे... घंटा ऐकली ना तुम्हीसुद्धा?"

ऐकली होती. दिवस मावळताना आम्ही सगळे बाहेर चहा घेत बसलो होतो, आणि धुक्यातून घंटेचा बारीक आवाज आला. तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा तीन. मग काही नाही. आईंना ओरडवत नाही म्हणून त्यांच्याजवळ हाताएवढी पितळी घंटा असते आणि काही हवं असलं की त्या ती वाजवतात, हे सुनेनंच मला तेव्हा सांगितलं होतं.

"मी लगेच दूध नेलं," सून म्हणाली. "पडद्याजवळच्या फळीवर ठेवलं. म्हटलं, आई, दूध ठेवलंय."

"मग त्या काय म्हणाल्या?"

धुक्यात कोणीतरी पुन्हा "आजी!" म्हणालं.

"हं म्हणाल्या," ती म्हणाली. "म्हणजे, मला तसं वाटलं. सकाळी पेला रिकामा होता. प्यायल्याच असणार ना, काकू?"

मला तिच्या डोळ्यांत बघवेना. रिकाम्या अंथरुणातून कोणीतरी 'हं' म्हणालं असेल ह्या विचारानं माझ्या अंगावर काटा आला, आणि मी ते कबूल करते.

३

बहीण गाडीत पलंगाशी बसली होती. आईची उशी तिनं मांडीवर घेतली होती.

"वाटेत आईजवळ तूच होतीस ना?" मी विचारलं.

"ठरलं तसं होतं," ती म्हणाली. "पण मागे फार गरम होत होतं. गार हवा फक्त पुढे लागते. दादा आणि वहिनीबरोबर मी पुढेच बसले. पण मी लक्ष ठेवून होते हं! दादा सारखा विचारायचा आणि मी मधल्या भिंतीतल्या खिडकीतून मागे बघून सांगायचे."

"काय दिसायचं?"

"पडदा. आई झोपली होती."

"वाटेत थांबलात कुठे?"

"पेट्रोल पंपावर एकदा, पण दादानं मागचं दार उघडलं नाही. दार वाटेत उघडू नये म्हणून तो बाहेरून कडी घालतो. मग घाटमाथ्यावर थांबलो, इथून दहा मिनिटांवर. तिथे त्यानं कडी काढली आणि मी आत जाऊन आईला पाणी पाजलं. ही बघा ना बाटली, अर्धी तिनंच संपवली."

उशाशी एक साधी प्लॅस्टिकची बाटली आडवी पडली होती. अर्धी भरलेली. मी ती उचलून फळीवर उभी ठेवली. ती डुलली आणि आडवी झाली. पुन्हा ठेवली, पुन्हा आडवी. तळ बाहेर फुगला होता. मी बोटांनी दाबून पाहिली तर बाटली दगडासारखी टणक.

"पाणी पाजून झाल्यावर झाकण कोणी लावलं?"

"मीच."

"घाटमाथ्यावर?"

"हो काकू. का?"

मी पलंग चाचपू लागले. उशीच्या जागी आईंचा फोन होता. त्याच्या शेजारी चष्म्याचं घर होतं. मी ते उघडलं. आत चष्मा नव्हता.

"घंटा कुठेय?" मी विचारलं.

आम्ही दोघींनी गादी उचलली, कप्पे उघडले. घंटा नव्हती.

मी बाटली पदराखाली धरून आमच्या गाडीकडे आले. घरून आणलेली वेफर्सची पाकिटं फडताळात टमटमीत फुगून बसली होती. डोंगरावर हे होतंच. खाली हवा जड, वर विरळ. खाली बंद केलेली हवा वर आली की पसरायला बघते. कारखान्यात ह्याच कारणासाठी डोंगरी गावांच्या बाटल्या आम्ही वेगळ्या तपासायचो.

पण वर उघडून वरच बंद केलेली बाटली फुगत नाही. आम्ही चार तास चुकीच्या जागी माणूस शोधत होतो.

४

मी सगळ्यांना आमच्या टेबलाशी बोलावलं. मॅनेजर चिखलानं माखलेला वर आला, वैतागलेला.

"बाई, आता गप्पांची वेळ आहे का?"

"दोन मिनिटं द्या," मी म्हटलं. "ही एक बाटली. आज सकाळी मी इथेच अर्धी भरून झाकण लावलं." मी ती उघडली. काहीच झालं नाही. "आणि ही आईंची."

मी झाकण फिरवलं. फुस्स! आवाज इतका मोठा झाला की सून दचकली. बाटलीचा तळ आत गेला आणि ती टेबलावर शहाण्यासारखी उभी राहिली.

"ही बाटली खाली मैदानात बंद झाली आणि त्यानंतर आत्ता पहिल्यांदा उघडली," मी म्हटलं. "घाटमाथ्यावर कोणी हिला हात लावलेला नाही. काल दिवसभर, त्या उकाड्यात, तुमच्या आई एक घोटही पाणी प्यायल्या नाहीत."

"पण ती अर्धी..." यादीवाला म्हणाला आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "आई अर्धीच भरते. पूर्ण बाटली तिच्या मनगटाला पेलत नाही."

सगळे बहिणीकडे बघायला लागले. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी चढले होते रे आत," ती म्हणाली. "पण पडदा ओढलेला होता आणि आई झोपलेली दिसली. उठवलं तर चिडेल म्हणून मी परत उतरले. तू विचारलंस तेव्हा पाजलं म्हणून टाकलं. तू यादी घेऊन उभा असतोस दादा! नाही म्हटलं की तासभर ऐकून घ्यावं लागतं."

"आणि दूध?" मी विचारलं.

"ते मी प्यायले. रात्री तसंच होतं. साय धरली होती, वाया जाईल म्हणून."

सुनेनं तोंडावर हात घेतला. "म्हणजे मला कोणी हं म्हटलंच नाही."

मला त्या मुलींचा राग आला आणि दयाही आली. एकीनं पाणी पाजलं, दुसरीनं दूध दिलं, दोघींनी आई झोपल्याचं सांगितलं. दोघींनी मिळून पडद्यामागे एक आई उभी केली आणि ती इतकी छान जमली की मुलानं रात्रभर शांत झोप काढली.

"तुमच्या आई ह्या डोंगरावर आल्याच नाहीत," मी म्हटलं.

"थांबा," मॅनेजर म्हणाला. "घंटेचं काय? सकाळी तुम्हीच मला सांगितलंत, काल आजींची घंटा वाजली म्हणून. स्वतःच्या कानांनी ऐकलीत ना?"

ऐकली होती. तीन आणि तीन. मी चुकत असेन तर दरीत एक जिवंत माणूस पडलेलं होतं आणि मी शोध थांबवत होते. माझे कान एक सांगत होते आणि बाटली दुसरं.

"तळाच्या फाटकाची साखळी वाजली की असाच आवाज होतो," हे अचानक म्हणाले. त्यांनी उठून फाटकाची साखळी लोखंडी खांबावर आपटून दाखवली. किणकिणली खरी. "वारा आला की वाजते."

मॅनेजरनं खांदे उडवले. मी बाटलीच्या बाजूनं कौल दिला. एकतीस वर्षांत झाकणानं मला एकदाही फसवलं नव्हतं.

"मग आई आहे कुठे?" यादीवाल्यानं विचारलं.

"तेच तुम्ही सांगा. निघताना काय काय केलंत? एक गोष्ट गाळू नका."

त्यानं सवयीनं फळी समोर धरली आणि वाचायला लागला. "पहाटे चार. आईला हाताला धरून आणून पलंगावर बसवलं. ह्या दोघी पुढे गाडी चालू करून बसल्या होत्या. मी परत घरात गेलो. खिडक्या बंद. गॅस बंद. विजेचा मुख्य स्विच बंद. मग घराच्या मागे जाऊन पाण्याचा कॉक बंद केला. पुढे आलो. दाराला कुलूप. गाडीच्या मागच्या दाराला कडी."

"मागे गेलात तेव्हा घराचं दार उघडं होतं?"

"हो."

"आणि गाडीचं मागचं दारही?"

"हो."

"चष्म्याचं घर रिकामं आहे," मी म्हटलं. "पलंगावर बसल्यावर त्यांनी ते चाचपलं असणार. चष्मा राहिला म्हणून त्या उतरल्या आणि घरात गेल्या. गाडीच्या आवाजात पुढे कोणाला कळलं नाही. रजया सरकवून उठल्या त्या तशाच राहिल्या. कडी तुम्ही घातलीत ती वाटेत एकदाच उघडली आणि तेव्हा तुमची बहीण मिनिटभर आत होती. दुसरीकडे उतरायला जागाच नव्हती."

तो यादीकडे बघत राहिला. शेवटच्या ओळींपुढच्या खुणा ठसठशीत होत्या. खिडक्या, वीज, पाणी, कुलूप.

"मी तिला आत कोंडलं," तो म्हणाला. "पाणी तोडून."

५

तळावर मोबाईल लागत नाही. मॅनेजरच्या खोलीत एक जुना फोन आहे. शेजाऱ्यांपैकी कोणी घरी आहे का, असं मी विचारलं तर सून रडतच म्हणाली, "आमची सगळी गल्ली उन्हाळ्यात रिकामी होते. सगळे कुठे ना कुठे जातात."

अग्निशमन दलाला मीच फोन केला, कारण यादीवाल्याला स्वतःचा पत्ता आठवेना. पलीकडचा माणूस समजूतदार होता. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"किती तास झाले?"

"एकतीस," मी म्हटलं.

तो लगेच गाडी पाठवायला गेला. पाऊण तास आम्ही त्या फोनभोवती बसलो. बहीण भावाच्या पायाशी जमिनीवर बसली होती आणि तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता, तिकडे लक्ष नसल्यासारखा. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. फोन वाजला तेव्हा तो उचलायला कोणी पुढे होईना. शेवटी ह्यांनी उचलला, ऐकून घेतलं आणि रिसीव्हर यादीवाल्याच्या कानाला लावला.

"बाथरूमच्या लादीवर सापडल्या," पलीकडून मोठ्यानं येत होतं, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "ओली चादर गुंडाळून. संडासाच्या टाकीतलं पाणी पेल्यानं घेत होत्या म्हणे. अशक्त आहेत, पण बोलतायत. विचारतायत, मुलगा नीट पोचला का?"

यादीवाला लहान मुलासारखा रडला. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

दहा दिवसांनी ते सगळे परत डोंगरावर आले, ह्या वेळी आईंना पुढे, गार हवेत बसवून. ठेंगणी, तरतरीत म्हातारी. चष्मा नाकावर. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि पदरातून ती पितळी घंटा काढून माझ्या हातात दिली. हलवली तर आवाज नाही. आतला लोलकच नव्हता.

"त्या दिवशी खिडकीच्या फटीतून हात काढून वाजवली हो," त्या म्हणाल्या. "भर उन्हात कोण बाहेर असणार? म्हणून दिवस मावळेपर्यंत थांबले. तीनदा वाजवली, थांबले, परत तीनदा. तेवढ्यात लोलक तुटून खाली अंगणात पडला. मग काय, बसले गप."

मी घंटा टेबलावर ठेवली. फाटकाची साखळी वाऱ्यानं वाजत होती, कधी दोनदा, कधी सातदा, कशीही. ह्यांनी साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी झाकणं तपासणारी बाई आहे. ह्यापुढचं मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या डोंगराकडे निघाले. निघण्याआधी यादीवाला फळी घेऊन गाडीभोवती फिरला, पण ह्यांनी त्याला गाठलं आणि बसचालकाच्या थाटात सांगितलं, "बाबा रे, बाकी काही राहिलं तरी चालेल. चाक हलवण्याआधी डोकी मोज."

त्यानं फळी बहिणीच्या हातात दिली, गाडीशी गेला आणि खिडकीतून हात आत घालून आईचा हात धरला.

"आई?"

"आहे."

तो चालकाच्या जागी जाऊन बसला. गाडी चालू झाली. फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

"आई?"

"अरे, आहे! तुझ्या शेजारीच बसलेय ना?"

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि मग गाडी धुक्यात शिरली.